कवळीतली चांदी

साताऱ्याच्या आत्याची वरची कवळी पाच वर्षांत दोनदा मोडली, आणि दोन्ही वेळा अगदी मधोमध. पहिल्यांदा धुताना हातातून निसटून बेसिनमध्ये पडली. दुसऱ्यांदा मात्र काही कारणच दिसेना. आमटीत कुस्करलेली भाकरी खाताना तोंडातल्या तोंडात दोन तुकडे झाले. ती जोडायला टाकायची म्हणून दंतवैद्यांकडे घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी आरसा घालून टाळू पाहिला. टाळू लालभडक होता. दुखत वगैरे काही नव्हतं. पण त्या लालीची कड कवळीच्या कडेशी तंतोतंत जुळत होती. टाळूवर कवळी ठेवून कोणी पेन्सिलीने गिरवावं तशी.

परत येताना रिक्षात आत्या म्हणाली, "अरे, आता चांदी घातलेली कवळी येते म्हणे. जंतूच धरत नाहीत तिच्यावर. पेपरात आलं होतं. तू एवढं वाचत असतोस, बघ की जरा."

मी दंतवैद्य नाही आणि रसायनशास्त्र बारावीनंतर सुटलं ते सुटलंच. तरी पाहू लागलो, आणि थोड्याच दिवसांत लक्षात आलं की आत्याच्या दोन तक्रारी, मोडलेली कवळी आणि लाल टाळू, या एकमेकींपासून वेगळ्या नाहीत. गेली काही दशकं जगभरचे संशोधक दुसरीवर इलाज शोधताहेत आणि तो इलाज पुन्हा पुन्हा पहिलीवर येऊन आदळतो आहे.

कवळीच्या गुलाबी भागात काहीतरी मिसळायचं ही गोष्ट नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं कवळीचा हा भाग टणक रबराचा असे. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये गंधक घालून रबर तापवण्याची क्रिया शोधली. त्याचा भाऊ नेल्सन याने गंधकाचं प्रमाण वाढवून होणाऱ्या टणक रबराचं पेटंट १८५१ मध्ये घेतलं. हस्तिदंत कोरून किंवा सोन्याचा पत्रा ठोकून केलेल्या कवळ्या श्रीमंतांनाच परवडत. रबराने त्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणल्या. (पेटंटाचा जाच इतका होता, की गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन दंतवैद्यांवर दावे ठोकत हिंडत असे. १८७९ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॉटेलात सॅम्युअल शॅल्फंट नावाच्या दंतवैद्याने त्याला गोळी घातली. दंतशास्त्राच्या इतिहासातलं हे प्रकरण एखाद्या रहस्यकथेत शोभेल.) हे रबर मुळात काळपट. ते हिरडीच्या रंगाचं दिसावं म्हणून त्यात हिंगूळ घालत, आणि हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचा संयोग.

रबरी कवळ्या वापरणाऱ्यांचे टाळू लाल होऊ लागले. अमेरिकी दंतवैद्यांनी या आजाराला 'रबर सोअर माउथ' असं नाव दिलं आणि त्यावर त्यांच्या नियतकालिकांतून भांडण जुंपलं. एक पक्ष म्हणे, ही हिंगुळातल्या पाऱ्याची बाधा. दुसरा म्हणे, रबर उष्णता वाहून नेत नाही, म्हणून खालचा टाळू तापतो. तिसरा म्हणे, लोक कवळी धूतच नाहीत. मागे वळून पाहता तिसऱ्याचं म्हणणं सत्याच्या बरंच जवळ होतं, पण त्यात गुन्हेगाराचं नाव नव्हतं. १९३६ मध्ये लेस्टर कान या अमेरिकी तज्ज्ञाने कवळीखालच्या लालीचा संबंध कॅन्डिडा या बुरशीशी जोडला. म्हणजे ज्या आजाराचं खापर आधी कवळीत घातलेल्या पदार्थावर फुटलं होतं, त्याच आजारावर उतारा म्हणून आज कवळीत नवे पदार्थ घातले जात आहेत.

रबराची सद्दीही त्याच सुमारास संपली. पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट, म्हणजे ज्याला आपण सरसकट अ‍ॅक्रिलिक म्हणतो ते पारदर्शक प्लॅस्टिक, १९३० च्या दशकात बाजारात आलं. १९३७ मध्ये वॉल्टर राइट यांनी रुग्णांसाठी त्याच्या कवळ्या करून पाहिल्याचे निष्कर्ष मांडले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांपुढच्या काचा याच पदार्थाच्या होत्या. रंग हवा तसा देता येतो, वास येत नाही, मोडलं तर जोडता येतं. आज जवळजवळ नव्वद वर्षांनंतरही बहुतेक कवळ्या याच पदार्थाच्या असतात.

ती कशी बनते हे पाहायला मी एका डेंटल लॅबमध्ये दोन दुपारी बसलो. आधी मेणात दात बसवून कवळीचा आकार करतात. तो पितळी फ्लास्कमध्ये प्लॅस्टरमध्ये पुरतात, मेण गरम पाण्याने वितळवून काढतात आणि राहिलेल्या पोकळीत अ‍ॅक्रिलिक भरतात. ओतीव मूर्ती करतात तसाच हा प्रकार. अ‍ॅक्रिलिक येतं पावडर आणि लिक्विड अशा दोन रूपांत. पावडर म्हणजे आधीच तयार झालेल्या प्लॅस्टिकचे बारीक मणी. लिक्विड म्हणजे मोनोमर, ज्याच्या रेणूंच्या साखळ्या अजून जुळायच्या आहेत. मापाने साधारण तीन भाग पावडरीला एक भाग लिक्विड. नुसतं लिक्विडच घट्ट होऊ दिलं तर ते आकारमानाने २१ टक्के आक्रसतं; पावडरीमुळे हे आक्रसणं सातेक टक्क्यांवर येतं. कालवलेलं मिश्रण आधी ओल्या वाळूसारखं असतं, मग त्याला चिकट तार सुटते, मग ते मळलेल्या कणकेसारखं होतं. या कणकेच्या अवस्थेतच ते फ्लास्कमध्ये दाबायचं. मग गरम पाणी: ७४ अंश सेल्सिअसला आठ तास, किंवा ७४ ला दोन तास आणि मग उकळीला एक तास. हे सगळं हळू का करायचं? मोनोमर १०० अंशांच्या जरासा वर उकळतो आणि साखळ्या जुळताना मिश्रण स्वतःही तापतं. फ्लास्क एकदम उकळत्या पाण्यात टाकला तर जाड भागातला मोनोमर आतल्या आत उकळतो आणि त्याचे बुडबुडे कवळीच्या पोटात कायमचे अडकतात. मला काम दाखवणाऱ्या कारागिराने तशी एक फसलेली कवळी करवतीने कापून दाखवली. आत जाळीदार ढोकळा.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला पुढे फार उपयोगी पडली. कवळीची बाहेरची बाजू, जिभेला लागणारी, घासून आरशासारखी करतात. टाळूला चिकटणारी बाजू मात्र कधीच घासत नाहीत, कारण घासली तर ती टाळूवर नीट बसणार नाही. प्लॅस्टरच्या साच्याचा सगळा खरबरीतपणा तिच्यावर तसाच उतरतो.

कॅन्डिडाचं बिऱ्हाड याच बाजूला असतं. निम्म्याअधिक निरोगी माणसांच्या तोंडातही ही बुरशी गुपचूप राहू शकते. लाळ, जीभ आणि इतर जंतू तिला आवरून धरतात. वरच्या कवळीखाली मात्र लाळ पोचत नाही, जीभ पोचत नाही, हवा कमी असते, आम्लता वाढते. बुरशीची पेशी असते चार ते सहा मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या हिश्शाच्या आसपास, आणि साच्याच्या खळग्यांत ती आरामात बसते. पृष्ठभागाची खरखर सरासरी ०.२ मायक्रोमीटरच्या खाली असेल तर ती आणखी कमी करून जंतू कमी होत नाहीत, पण त्या वर वाढत जाते तसे जंतू वाढतात, असं दंतपदार्थांवरच्या संशोधनात मानलं जातं. न घासलेली बाजू या मर्यादेच्या सहसा बरीच वर असते.

तेव्हा तिथे चांदी ठेवावी, हा विचार साहजिकच सुचतो. उष्टावणाला चांदीची वाटी-चमचा देणाऱ्या आपल्या घरांना तो पटवूनही द्यावा लागत नाही. चांदीच्या पृष्ठभागावरून सुटणारे आयन जंतूंच्या प्रथिनांमधल्या गंधकाच्या गटांना चिकटतात आणि ती प्रथिनं निकामी होतात. पेशीच्या आवरणालाही इजा होते. चांदीचे कण नॅनोमीटरच्या मापाचे केले की तेवढ्याच वजनात पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि आयनही जास्त सुटतात. चांदीखेरीज जस्ताचं आणि टायटॅनियमचं ऑक्साइड, कोळंबीच्या टरफलातून मिळणारं कायटोसन, बुरशीवरची औषधं, इतकंच काय, कडुलिंबाच्या पाल्याची पूडही अ‍ॅक्रिलिकमध्ये मिसळून पाहिली गेली आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत यातल्या बहुतेकांनी काही ना काही जंतू रोखले. बातमी होते ती इथपर्यंतची.

पुढचा प्रश्न ताकदीचा. कवळीच्या अ‍ॅक्रिलिकसाठी आयएसओ २०७९५-१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ६४ मिलिमीटर लांब, १० रुंद आणि ३.३ जाड अशी पट्टी करून ती ३७ अंशांच्या पाण्यात ५० तास ठेवतात. मग ५० मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर आडवी ठेवून मधोमध दाबत नेतात, मोडेपर्यंत. नेहमीच्या अ‍ॅक्रिलिकची ही वाकवून मोडण्याची ताकद किमान ६५ मेगापास्कल हवी. हा आकडा मला डोळ्यांसमोर येईना, म्हणून गणित केलं: त्या पट्टीच्या मध्यावर सुमारे साडेनऊ किलोंचं वजन टांगलं तरी ती मोडता कामा नये. ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते हेही त्याच सूत्रात आहे. तीच पट्टी दोन मिलिमीटर जाड केली, टाळूवरचा भाग साधारण एवढाच असतो, तर ती साडेतीन किलोंतच मोडेल.

कवळी बहुतेक वेळा एका मोठ्या घासाने मोडत नाही. दात गेल्यावर हिरडीखालचं हाड वर्षानुवर्षं झिजतं, पण टाळूच्या मधलं हाड फारसं झिजत नाही. मग कवळी मधल्या उंचवट्यावर टेकते आणि प्रत्येक घासाला दोन्ही बाजूंनी किंचित खाली वाकते, सी-सॉच्या फळीसारखी. त्यात वरच्या ओठाला हिरडीशी जोडणाऱ्या पातळ पट्टीसाठी कवळीच्या पुढच्या कडेला मधोमध खाच ठेवावी लागते. सगळा ताण त्या खाचेच्या टोकाशी गोळा होतो. दिवसाचे शेकडो घास, वर्षाचे लाखभर. आत्याची कवळी आमटीतल्या भाकरीने मोडली नव्हती; ती कित्येक महिने मोडतच होती.

ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेवर प्रयोग करून १९२१ मध्ये दाखवलं होतं, की ठिसूळ पदार्थाची खरी ताकद त्याच्या रेणूंवरून ठरत नाही, त्यातल्या सर्वांत वाईट दोषावरून ठरते. अ‍ॅक्रिलिकही बऱ्याच अंशी काचेच्याच जातीचं. त्यात चांदीची किंवा जस्ताची पूड मिसळली म्हणजे काय होतं? कणांचं अ‍ॅक्रिलिकशी रासायनिक नातं नसतं. ते भिंतीतल्या विटेसारखे सांधले जात नाहीत, लाडवातल्या खड्यासारखे अडकून राहतात. नॅनोकण तर एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात, आणि प्रत्येक गुठळी म्हणजे ग्रिफिथचा एक तयार दोष. शिवाय काही पदार्थ साखळ्या जुळण्याच्या क्रियेत लुडबूड करतात. मग न जुळलेला मोनोमर आत उरतो; तो प्लॅस्टिकला मऊ पाडतो आणि तोंडातही झिरपतो. कणांवर सिलेनचा लेप देऊन नातं जुळवता येतं आणि काही प्रयोगांत त्याने फरकही पडला आहे. अगदी कमी प्रमाणात काही कणांनी ताकद किंचित वाढल्याचे निष्कर्षही आहेत. पण जंतू मरावेत म्हणून प्रमाण वाढवत गेलं की बहुधा ताकद उतरू लागते.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये चांदी आणि जस्त असलेलं झिओलाइट दोन प्रकारच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये अडीच टक्क्यांपासून दहा टक्क्यांपर्यंत मिसळून पाहिलं. बुरशी रोखली गेली. पण वाकवून मोडण्याची आणि आघात सोसण्याची, दोन्ही ताकदी घटल्या, आणि काही पट्ट्यांत तर सर्वांत कमी, अडीच टक्क्यांच्या मिश्रणातच. यातला आघाताचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण बेसिनमध्ये पडणारी कवळी म्हणजे आघातच.

त्याहून विचारात पाडणारे दोन निबंध ब्राझीलमधूनच २०१२ मध्ये आले. त्यांत चांदीचे नॅनोकण कवळीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये घातले होते. एका गटाने ते नमुने १२० दिवसांपर्यंत पाण्यात ठेवले आणि पाण्यात चांदी उतरते का ते मोजलं. पाण्यात चांदी सापडली नाही. दुसऱ्या गटाला दिसलं, की चांदीचं द्रावण एकटं असताना कॅन्डिडाला मारतं, पण तीच चांदी अ‍ॅक्रिलिकमध्ये बंद झाली की बुरशीच्या चिकटण्यावर आणि थर धरण्यावर काहीच फरक पडत नाही. इतर काही प्रयोगशाळांना चांदीचा परिणाम दिसला आहे, हेही खरं. कणांचा आकार, प्रमाण, मिसळण्याची पद्धत, सगळंच वेगळं असतं. पण हे दोन निबंध वाचल्यावर मी कागद घेऊन एक साधा हिशेब केला. कवळी दोन मिलिमीटर जाड, म्हणजे दोन हजार मायक्रोमीटर. कण सगळीकडे सारखे पसरले आहेत असं धरलं तर टाळूकडच्या बाजूच्या सर्वांत वरच्या एका मायक्रोमीटरात किती कण येतील? दोन हजारांतला एक. बाकीचे एक हजार नऊशे नव्व्याण्णव पोटात गाडलेले, जिथे बुरशी कधीच जाणार नाही, पण तडा मात्र नक्की जाईल.

माझ्या मते या सगळ्या संशोधनाचं दुखणं इथे आहे. जंतूंशी गाठ पडते पृष्ठभागावर, भार पेलतं ते पोट, आणि मिसळण्याची पद्धत या दोघांना एकाच मापाने मोजते. पृष्ठभागावरच्या थोड्या कणांसाठी अख्ख्या पोटात दोष पेरले जातात. त्यातून तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पापुद्रा कवळीवर बसतो आणि लाळेतलं क्लोराइड चांदीच्या आयनांना क्लोराइड करून थिजवतं. बशीत चोवीस तास जिंकलेली चांदी तोंडात किती महिने जिंकेल, हे त्या बशीवरून सांगता येत नाही. तसंच, "ताकद घटली, तरी मानकाच्या मर्यादेत आहे" हे वाक्य निबंधांच्या शेवटी दिसलं की मला आत्याची कवळी आठवते. मानकातली पट्टी एकदाच दाबून मोडतात. तिला खाच नसते आणि लाखभर घासही खावे लागत नाहीत.

ही अडचण संशोधकांनाही दिसते, म्हणूनच काही वेगळ्या वाटा निघाल्या. मोनोमरचा काही भाग मेथॅक्रिलिक अ‍ॅसिडचा घेतला तर पृष्ठभागावर ऋण भार येतो आणि स्वतः ऋणभारित असलेली कॅन्डिडा तिथे कमी चिकटते. इथे मारणं नाही, दूर ठेवणं आहे. मात्र पाणी जास्त शोषलं जाण्याचा धोका राहतो. अमोनियमचा जंतुनाशक गट मोनोमरलाच जोडून तो साखळीत कायमचा ओवायचा, ही कल्पना जपानमध्ये सातोशी इमाझातो यांनी १९९० च्या दशकात दात भरण्याच्या पदार्थांसाठी पुढे आणली. तीही कवळीकडे वळली आहे. फक्त वरून पातळ लेप द्यायचा हा मार्ग तर्काला सर्वांत धरून, पण रोजच्या ब्रशने लेप किती टिकतो हा प्रश्न. मला सर्वांत शहाणपणाची वाटली ती अगदी साधी युक्ती: हिरडी दुखावलेली असताना कवळीखाली काही आठवडे जो मऊ थर लावतात, त्यात बुरशीचं औषध मिसळायचं. त्या थराला भार पेलायचा नसतो आणि तो पुढे काढूनच टाकायचा असतो, त्यामुळे त्याची ताकद घटली तरी कुणाचं बिघडत नाही.

आपल्या दंतवैद्यांना मी चांदीच्या कवळीबद्दल विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "त्यापेक्षा आत्यांना विचारा, रात्री काढून ठेवतात का." आत्या काढून ठेवत नव्हती. दात नसलेलं तोंड घेऊन झोपायचं तिला अवघड वाटे. काका गेल्यानंतरही ती सवय तशीच राहिली होती. २०१५ मध्ये जपानमधून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंच्याऐंशी वर्षं आणि त्यापुढच्या ५२४ वृद्धांकडे तीन वर्षं लक्ष ठेवलं होतं. झोपेतही कवळी घालून ठेवणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका दुपटीहून अधिक दिसला, आणि त्यांच्या तोंडात कॅन्डिडाही जास्त वेळा सापडली. अशा अभ्यासावरून कवळीमुळेच न्यूमोनिया झाला असं म्हणता येत नाही. जे कवळी काढत नाहीत ते इतर बाबतींतही कमी काळजी घेत असतील. तरी मी तो आकडा आत्याला सांगितला. तिने विचारलं, "आणि चांदीची असती तर रात्री घातली तरी चालली असती?" याचं उत्तर देणारा अभ्यास मला मिळालेला नाही.

नवी कवळी साध्या अ‍ॅक्रिलिकचीच केली. जुन्या जोडकामात पातळ झालेला मधला भाग या वेळी पुरेशा जाडीचा ठेवला आणि खाचेचं टोक गोल केलं. टाळूची लाली औषधाने आणि रात्री कवळी काढल्याने तीन आठवड्यांत उतरली. आता झोपताना कवळी पाण्याच्या वाटीत असते, धुताना बेसिनमध्ये आधी पाणी भरून घेतात, आणि टूथपेस्टने चरे पडतात म्हणून साबण आणि मऊ ब्रश वापरतात. वाटी स्टीलची आहे.

जुन्या कवळीचे दोन तुकडे माझ्या खणात आहेत. भिंग लावून पाहिलं तर मोडलेली कड खाचेजवळ काचेसारखी गुळगुळीत दिसते आणि मागे टाळूकडे जाता जाता खडबडीत होत जाते. तडा जिथून निघाला ते टोक बोट ठेवून दाखवता येतं.